स्पीकरांचं पांघरूण

दार लोटून घे आधी, वारा आत येतोय. हां... आता ऐका. ही गोष्ट नुसती माझ्या कानावर आलेली नाही, माझ्या मित्राच्या अंगावर आलेली आहे.

मित्र म्हणजे आपला स्पीकरवाला मिस्त्री. गेल्या जानेवारीतला दुसरा शनिवार. रात्री नवाच्या सुमाराला दुकानाला कुलूप लावतोय, तोवर फोन आला.

"मिस्त्री, आज पारा फार उतरणार म्हणतात. दादाचे स्पीकर गॅरेजात आहेत, उद्या गिऱ्हाईक बघायला येणार. जरा नीट झाकून देता?"

हा दादा मिस्त्रीच्या चांगल्या ओळखीचा. थिएटरात आवाज सांभाळायचा. थिएटर पाडलं तेव्हा तिथले पुरुषभर उंचीचे दोन स्पीकर त्यानं भंगारात जाऊ दिले नाहीत, घरी आणले. आईबाप लवकर गेलेले, धाकट्याला त्यानंच वाढवलं. घरही त्यानंच बांधलं. आदल्या थंडीत तो गेला, एवढंच मिस्त्रीला माहीत होतं. फोनवर होता तो धाकटा.

मिस्त्री गेला. गॅरेज घराला लागूनच, पण आत शेगडी नाही, हीटर नाही. बोलताना तोंडातून वाफ निघत होती. स्पीकर मात्र जाड लोकरी ब्लँकेटांत गुंडाळलेले.

"ब्लँकेटं चांगली आहेत," मिस्त्री म्हणाला, "पण खाली फळ्या घालू. फरशीची ओल चढते. भिंतीपासून हातभर लांब ठेवू. आणि वर प्लास्टिक नको हं, आत घाम धरतं. आतला पडदा कागदाचा, एकदा का तो सादळला की आवाज फाटलाच."

दोघांनी मिळून ब्लँकेटं उतरवली, स्पीकर फळ्यांवर चढवले, तोंडं एकमेकांकडे केली. मिस्त्रीनं वायरी काढून, गुंडाळून खिशात घातल्या. मग ब्लँकेटं पुन्हा पांघरली आणि दोरीनं आवळली. बांधता बांधता त्याचं लक्ष कोपऱ्यात गेलं. तिथे एक उघडी लोखंडी खाट.

"ही कुणाची?"

"दादाची. शेवटी शेवटी इथेच झोपायचा. रात्रभर खोकायचा हो, घरात कुणाच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता."

"इथे? ऐन थंडीत?"

"त्याला सवय होती."

मिस्त्रीचे हात थांबले. "आणि ही ब्लँकेटं?"

"ती स्पीकरांवरच होती. तुम्हीच म्हणता ना, सादळले की मातीमोल."

"मग दादावर काय होतं?"

धाकटा दोरीचं टोक दातांनी ओढत बसला.

तेवढ्यात कुणीतरी खोकलं.

"मांजर असेल," धाकटा म्हणाला.

पुन्हा खोकला. खोल. ओला. ब्लँकेटाच्या आतून.

मिस्त्रीनं खिसा चाचपला. वायरी खिशातच होत्या. मग... आवाज कुठून?

"छोट्या..."

धाकट्याच्या हातातली दोरी गळून पडली. त्याला छोट्या म्हणणारं एकच माणूस होतं.

"छोट्या... तेव्हा किती हाका मारल्या मी..."

"दादा, मला ऐकू नाही आल्या रे," धाकटा पुटपुटला.

"आल्या होत्या."

बस्स. मग शांतता... नुसता श्वास. घरघर लागलेला. एकदा या स्पीकरातून, एकदा त्या.

"आज तू ये... पांघरूण न घेता ये..."

मिस्त्रीनं धाकट्याचं बखोट धरलं आणि त्याला ओढतच बाहेर काढलं. शटर खाली खेचलं. घरात नेऊन बायकोच्या हवाली केलं. "यांना रात्री एकटं सोडू नका," म्हणाला आणि जी सायकल दामटली, ती थेट माझ्या दारात. पहाटेपर्यंत दोघं बसून राहिलो.

उजाडता उजाडता त्या बाईचा फोन आला.

आम्ही दोघंही गेलो. ती सांगत होती, नवरा मध्यरात्री उठला. दादा बोलावतोय म्हणाला. तिनं हात धरला तर हिसडा देऊन निघाला, अनवाणी. ती मागोमाग धावली, पण शटर काही उचललं जाईना. शेजारी आले, चौघांनी जोर लावला. तसूभर हललं नाही. पहाटे आपोआप वर गेलं.

आत धाकटा खाटेवर होता. पाय पोटाशी घेतलेला. अंगात नुसता सदरा. लाकूड होऊन गेला होता. शेजारी, हाताच्या अंतरावर, एवढी ब्लँकेटं... एकही ओढून घेतलं नव्हतं त्यानं.

काय म्हणतोस? थंडीनंच गेला असेल? डॉक्टरही तेच म्हणाले. मीही तेच म्हटलं असतं...

पण मिस्त्रीनं मला खाटेजवळ ओढलं, आणि बोट दाखवलं.

स्पीकरच्या तोंडावर जाळीचं जाड कापड ताणलेलं असतं, बघितलंय ना? त्या कापडाची वीण धाकट्याच्या उजव्या गालावर उमटली होती. कानापासून हनुवटीपर्यंत. खोल, लालभडक. कुणीतरी रात्रभर त्याचं डोकं धरून त्या जाळीवर दाबून ठेवावं, तशी.

आणि स्पीकर... स्पीकर तसेच बांधलेले होते रे. मिस्त्रीनं मारलेली एक गाठसुद्धा सुटलेली नव्हती.