एक अंश जास्त आपुलकी

"उघडा म्हणते ना सगळ्या मेल! कोर्टालाही कळू दे मी काय काय सोसलंय ते," शलाका टिकेकर कडाडली.

नाशिकच्या सायबर न्यायवैद्यक प्रयोगशाळेत असा हट्ट धरणारी आरोपी याआधी आली नव्हती. गुन्हा तिने कबूलच केला होता. नवऱ्याच्या, यशोधनच्या, ऑफिसच्या हिशेब विभागातल्या केतकी रणपिसेला शेंगदाणा चालत नाही, जिवावर बेततं, हे ठाऊक असूनही तिने नारळाच्या वड्यांत दाण्याचं कूट घालून डबा पाठवला होता. केतकी अजून व्हेंटिलेटरवर होती. आणि या बाईला पश्चात्ताप? छे! तिच्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता.

"आधी 'आपण', मग 'तुम्ही', मग 'तू'. 'केतकीताई'मधली ताई गळाली ना, त्याच दिवशी मी ओळखलं! त्याच्या ऑफिसच्या खात्याचा पासवर्ड आहे माझ्याकडे. रोज वाचायचे मी. 'तुझ्या पत्राची वाट पाहतो' म्हणे! मेल्याने मला कधी लिहिलंय असं?"

डॉ. चित्रलेखा बेलवलकरांनी पडद्यावर नोंदी आणल्या. "इन्स्पेक्टर, मजकूर राहू द्या. ही लेखननोंद बघा. मेल माणसाच्या बोटांनी टाइप झाली की पत्रदूताने लिहिली, हे इथे कळतं."

"पत्रदूत, म्हणजे आपल्या वतीने उत्तरं देणारा तो प्रोग्राम. माझ्याकडेही आहे," इन्स्पेक्टर वारखेडे म्हणाले.

"त्याचा एकच नियम. समोरचा जेवढ्या आपुलकीने लिहितो, त्याहून एक अंश जास्त आपुलकीने उत्तर द्यायचं. पण दोन्हीकडे पत्रदूतच असले तर?"

वारखेड्यांना हसू आलं. "चढाओढच की! 'महोदया'पासून निघालेली गाडी थेट 'लाडके'वर."

"तेच झालंय. मुळात चौकशी होती थकलेल्या बिलाची. यात ना टिकेकरांचं एक बोट, ना केतकीबाईंचं. दोघांनी या मेल उघडल्याही नाहीत. वाचल्या फक्त या बाईंनी."

"म्हणजे केतकी..." शलाका अडखळली, पण लगेच उसळली. "खोटं! तासन्‌तास मोबाईलवर लिहायचा तो. गालातल्या गालात हसायचा. मी डोळ्यांनी बघितलंय!"

"लिहायचे ना. घरच्या खात्यावरून, स्वतःच्या बोटांनी, खोडून खोडून. तुम्हाला."

"मला?"

"तुमच्या घरात अबोला होता ना?"

होता. दिवाळीपासून. बोलणार नाही म्हणजे नाही, मेलवरसुद्धा नाही. रागाच्या भरात तिने आपल्या पत्रदूताला बजावलं होतं, याला काय ते तूच बघ, मला दाखवूसुद्धा नकोस. आणि मग ती ते साफ विसरली होती.

डॉक्टरांनी शेवटच्या मेल समोर ठेवल्या. यशोधनने लिहिलं होतं, "बोलली नाहीस, पण पोहे वाढलेस. तेवढंही पुरे." शलाकाच्या नावाने उत्तर गेलं होतं, "घरात रुसू दे रे मला थोडं. इथे मात्र रोज लिही, तुझ्यावाचून करमत नाही." त्यावर तो म्हणत होता, "शलू, या मेलमधली तू मला फार फार आवडतेस."

"कोण ही सटवी?" शलाका किंचाळली. आपण काय विचारलं ते तिचं तिलाच कळलं.

"आज सकाळीही त्यांची मेल आली आहे," डॉक्टर हळूच म्हणाल्या. "'तू काहीही केलं असलंस तरी मी थांबेन.' उत्तरही गेलं."

वारखेडे तिच्याकडे वळले. "आरोपपत्रात हे येईलच, बाई. त्याआधी सांगू का त्यांना? बंद करू का हा पत्रदूत?"

हो, बंद करा, आत्ताच्या आत्ता, असं तिच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगितलं तर त्याला कळणार होतं, की बायकोने त्याचं एकही पत्र उघडलं नव्हतं. मग तो थांबणार तरी कुणासाठी?

"नको," ती दातओठ खात, रडत म्हणाली. "लिहू दे तिला."