सहा ठोके

कंदील बारीक करा जरा, रॉकेल फुकट जाळू नका. चिंचेखालची पांढऱ्या लुगड्यातली बाई पाहिजे असेल, तर दुसरीकडं जाऊन बसा. ही याकोब साळव्याची गोष्ट आहे. दौंडच्या रेल्वेत तो सिग्नलचे दिवे लावायचा. मला त्यानं स्वतः सांगितली, एकदाच. पुन्हा विचारायची माझी छाती झाली नाही.

साल अठ्ठावन्न. नोव्हेंबरची चार तारीख, मंगळवार. याकोबची पोरगी सुवार्ता घटसर्पानं आजारी होती. सहा वर्षांची. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर झालेली, एकुलती एक. दौंडात इंजेक्शन मिळेना. शिरूरला एका मिशनच्या डॉक्टरीणबाईंकडे आहे असं कळलं, तसा याकोब सकाळच्या एस.टी.नं निघाला. बायको सोजरा दारापर्यंत आली.

"देव राखील," ती म्हणाली. "तुमी फकस्त लवकर या."

लवकर कसलं! बाई खेड्यावर गेलेल्या. त्या आल्या दिवेलागणीला. बर्फात घातलेल्या दोन बाटल्या मिळाल्या, पण दौंडची शेवटची गाडी निघून गेलेली. काष्टीकडं माल घेऊन चाललेल्या चांदभाईनं त्याला ट्रकमध्ये घेतलं. वाटभर याकोब एकच मागणं मागत होता. देवा, मला ने, पण तिला ठेव. पार घासाघीस चाललेली.

काष्टी मागं टाकून चांदभाईनं त्याला भीमेच्या अलीकडं आणून सोडलं. खरं तर त्याच्या वाटेत नव्हतं ते, पण पोरगी आजारी म्हटल्यावर आला. रात्रीचे सव्वाअकरा झाले होते. नदीला पाणी होतं, नाव सकाळीच मिळणार. समोर फक्त रेल्वेचा पूल. पलीकडं दौंड.

"रातचं पुलावरनं नका जाऊ," चांदभाई म्हणाला. "पयल्या नावंनं जावा."

"सकाळपातुर पोरगी ऱ्हायची न्हाई, चांदभाई."

याकोबला भीती नव्हती, कारण गाड्यांच्या वेळा त्याला तोंडपाठ. साडेबारापर्यंत पुलावर काही येत नाही, ही खात्री. आपल्या खात्यावर इतका भरवसा रेल्वेचाच माणूस ठेवणार.

ट्रक परत गेला. चंद्र उगवायचा होता. खाली पाणी नुसतं ऐकू येत होतं. त्यानं पिशवी छातीशी धरली आणि पुलाच्या पहिल्या लाकडी स्लीपरवर पाय टाकला.

आणि घंटा वाजली.

पलीकडून, त्यांच्याच चर्चची. तो आवाज त्यानं झोपेतही ओळखला असता, कारण त्या घंटेचा काथ्याचा दोर तोच ओढायचा. चर्चची किल्ली त्याच्याच खिशात होती. दुसरी किल्ली नव्हती.

एक ठोका. मग गप्प... मग दुसरा.

त्यांच्यात रीत होती. कुणी गेलं की घंटा अशी थांबून थांबून वाजवायची. जितकं वय, तितके ठोके. सगळी वस्ती हातातलं काम टाकून मोजत राहते.

याकोबही मोजू लागला. पाय आपोआप मागं आला.

तीन.

म्हातारं असेल कुणी, तो मनाशी म्हणाला. वाजू दे. साठ होऊ देत. सत्तर...

चार.

पाच.

...

सहा.

तो थांबला. पुढचा ठोका यावा म्हणून त्यानं श्वास धरला. देवा, सातवा. नुसता सातवा...

आला नाही.

तो रुळाच्या कडेला मटकन बसला. आणि समोर पुलावरून काळोखच अंगावर आला. एकटं इंजिन, पुढचा दिवा बंद, कुठल्याच वेळापत्रकात नसलेलं. दगड हादरले. तोंडावर गरम वाफ आली. मग पुन्हा नुसतं पाणी.

पूल त्यानं कसा ओलांडला ते त्याला आठवत नव्हतं.

घरात दिवा होता. सोजरा पोरीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. ती रडत नव्हती.

"साडेअकराला," ती म्हणाली.

"घंटा कुनी वाजवली?"

"कसली घंटा? किल्ली तर तुमच्यापाशी."

वस्तीत कुणीच काही ऐकलं नव्हतं. शेजारची अनसाबाई तर सांजेपासून अंगणात जागीच होती.

पोरीचे केस मागं सारत सोजरा बोलली. "घसा पार मिटला व्हता. मी म्हनलं, बाळा, तुझ्यासाठी मागू का? तिनं मान हलवली. न्हाई म्हनली. बोटानं दार दावलं... बाबा. बाबासाठी माग. मग दोघींनी हात जोडले."

याकोब तिथं मोडला. तो पोरीसाठी मागत होता, पोरगी त्याच्यासाठी. आणि वर एकीचंच ऐकलं गेलं.

त्यानं देवाला सोडलं का, म्हणून विचाराल. नाही. सोडता आलं असतं तर सुटलो असतो, असं तो म्हणाला. मला राखलंस हे खोटं कसं म्हणू, आणि बरं केलंस तरी कसं म्हणू?

आता शेवटचं सांगतो आणि उठतो. सकाळी पोरीला आंघोळ घालायला अनसाबाई बसली. सुवार्ता आठ दिवस अंथरुणावरून उठली नव्हती. सोजरानं तिला रात्रभर मांडीवरून हलवलंही नव्हतं. अनसाबाईनं तिची मिटलेली मूठ उघडली...

तळवा सोलवटला होता. आणि आत काथ्याचे धागे होते, जाड दोराचे.