जाकिटासकट वजन

तो पहिल्यांदा आला तो चुकून स्टाफच्या चहाच्या खोलीतच शिरला, आणि कप हातात घेऊन उभ्या असलेल्या तिला म्हणाला, "रक्त धुवायचं दुकान हेच ना?"

तिने हसू दाबलं. डायलिसिसला पहिल्या दिवशी येणारी माणसं रडवेली असतात. हा घड्याळं दुरुस्त करणारा मात्र फिरकी घेत होता. दोन्ही मूत्रपिंडांनी संप पुकारलेला, आठवड्यातून तीनदा सुया टोचून घ्यायच्या, पाणीसुद्धा मोजून प्यायचं... तरी याची जीभ शाबूत. सगळे पेशंट तिला सिस्टर म्हणत. हा हाक मारायचा, "अहो, ऐकलं का?"

"ही काय हाक मारायची रीत?"

"सिस्टर म्हणून स्वतःचं नुकसान कोण करून घेईल?"

मशीन चालवणं हे तिचं काम. दर वेळी मशीन लावण्याआधी त्याच्या मनगटावर बोटं टेकवून ती बघायची, ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी नीट थरथरते आहे ना. ती थरथर थांबली की सगळंच अडतं. बोटं तिथे जरा जास्तच रेंगाळतात हे तिला कळायचं... त्यालाही. मग घरी गेल्यावर तिचा जीव टांगणीला. सुईची जागा लाल तर झाली नसेल? ताप तर नसेल आला? प्रेमात पडलेल्या मुली चांदणं बघतात म्हणे. ही बिचारी त्याच्या रक्तातल्या पोटॅशियमची काळजी करत पडून राहायची.

त्या दिवशी बाहेर पाऊस रिपरिपत होता. तो ओलसर जाकीट घालूनच वजनकाट्यावर चढला. गेल्या खेपेपासून अंगात किती पाणी साठलं ते काटा सांगतो, आणि मशीन तेवढंच ओढून काढतं.

"केस मोकळे सोडलेत आज," तो म्हणाला.

"भिजलेत म्हणून. सरळ उभे राहा."

"तुमच्याकडे बघताना सरळ उभं राहणं अवघड जातं."

तिचे कान तापले. तिने घाईघाईने आकडा टिपला आणि मशीन लावलं.

शेवटच्या तासात त्याची बडबड थांबली. एक जांभई आली, मग दुसरी. कपाळावर घाम. "पोटरीत गोळा..." एवढंच म्हणाला आणि मान कलली. रक्तदाब धाडकन खाली आला होता. तिने पाणी ओढणं बंद केलं, त्याचे पाय वर उचलले, सलाईन सोडलं. हात चोख चालले होते. आत मात्र पाण्यात पडल्यासारखी ती गटांगळ्या खात होती.

"डोळे उघडा... अहो, ऐकलं का?"

बऱ्याच वेळाने त्याने डोळे उघडले. पांघरूण सारखं करताना त्याच्या जाकिटाच्या खिशातून काहीतरी धप्पकन खाली पडलं. जाडजूड पितळी गजराचं घड्याळ.

"तुमच्यासाठी," तो पुटपुटला. "जाताना हळूच देणार होतो."

तिने घड्याळ उचलून हातात तोललं. घड्याळाचं वजन मशीनने त्याच्या रक्तातून वसूल केलं होतं. खिसे रिकामे करा, जाकीट काढा, हे बजावणं तिचं काम, आणि ती केसांच्या कौतुकात विरघळली होती. तिने जाऊन मोठ्या सिस्टरना सगळं सांगितलं, बोलणी खाल्ली, आणि वर म्हणाली, "यापुढे त्यांना माझ्याकडे देऊ नका."

पुढच्या वेळी त्याला दुसऱ्याच मुलीने मशीन लावलं. तो भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. ड्यूटी संपल्यावर ती कपडे बदलून आली आणि त्याच्या खाटेशेजारच्या स्टुलावर बसली.

"घाबरलात ना?" त्याने विचारलं. "बरोबरच आहे. बहिणीची किडनी जुळेल, न जुळेल. तोवर हे असंच. तुमच्या जागी मी असतो तर कधीच पळालो असतो."

"घाबरलेच आहे. रोज घाबरणार आहे."

"म्हणून दुसरीकडे दिलंत मला?"

"तुम्ही काट्यावर उभे राहिलात की मला आकडा दिसतच नाही. तुम्हीच दिसता," ती म्हणाली. "असल्या बाईच्या हातात मी तुमचा जीव कसा ठेवू?"

त्याने भिंतीकडची मान वळवून तिच्याकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "हे स्टूल... पेशंटच्या घरच्यांसाठी असतं."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि स्टूल आणखी पुढे ओढून बसली.