पुतळीसमोर बोललेलं

अमेरिकेच्या कार्सन सिटी टांकसाळीतली वीस डॉलरची सोन्याची नाणी मी जमवतो. माझ्या पेटीत एकच खण रिकामा होता, १८७० सालचा. त्यामुळे जेद्द्याच्या जमालुद्दीनने फोटो पाठवला तेव्हा रियाधच्या आमच्या बँकेत, भर मीटिंगमध्ये, मी जवळजवळ ओरडलोच. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! शुक्रवारी विमानाने जेद्दा गाठलं.

जमालुद्दीन मूळचा रत्नागिरीचा. नाणं त्याच्या अम्मीचं, बिलकिसचाचींचं. त्यांच्या नवऱ्याने ते कुणा अमेरिकन तेलवाल्याकडून घेतलं आणि वर कडी बसवून पुतळ्यांच्या माळेत ओवलं. मी चष्मा काढून भिंग लावलं. स्वातंत्र्यदेवी, डावीकडे तोंड. मागे गरुडाखाली कार्सन सिटीचे ते दोन इवलेसे 'सी'.

"घे बाबा," चाची म्हणाल्या. "पण निघताना ह्या पुतळीसमोर 'येतो' बोलू नको. 'जातो' बोल. ही बोललेलं धरून बसते."

मला हसू आलं. मी ऑडिटमधला माणूस. पण दारात 'जातो' म्हणायला जीभ वळेना. लहानपणी तसं म्हटलं की आई पाठीत धपाटा घालायची. नाणं खिशात टाकलं आणि सवयीने म्हणालो, "येतो हं, चाची."

चाचींनी तोंडावर हात ठेवला.

रात्री रियाधला घरी परतून नाणं पेटीत बसवलं. संग्रह पुरा झाला! आनंद पोटात मावत नव्हता. स्मृती, माझी बायको, डोकावून म्हणाली, "ही माझी सवत वाटतं?"

शनिवारी सकाळी भिंग लावलं, तर देवीच्या दुसऱ्या डोळ्याची कड दिसत होती. काल ती नव्हती. ठशातला दोष! काल हावरटपणात नजरेतून निसटला असणार. असं नाणं जगात दुसरं नसेल. मी स्मृतीला हाक मारली. ती बाल्कनीत कुंडीला पाणी घालत होती, तिने ऐकलं नाही.

दुपारपर्यंत दोन्ही डोळे दिसायला लागले. देवी सरळ माझ्याकडे बघत होती. घाबरायला हवं होतं, पण मी नाचायचाच बाकी होतो. स्मृतीने जेवायला एकच ताट घेतलं. मला तरी कुठे भूक होती!

तेवढ्यात टेबलावरचा माझा फोन वाजला. मी हात पुढे केला. स्मृतीने आधीच उचलून स्पीकर लावला.

"भाभी, मी जमालुद्दीन. निमिषभाई फोन घरीच विसरले काय?"

"म्हणजे? ते तुमच्याकडे आहेत?"

"सकाळपासून अम्मीसमोर बसलेत. चाय घेत नाय, बोलत नाय. नुसते डावीकडे तोंड करून बसलेत."

"स्मृती, मी इथे आहे," मी म्हणालो.

ती माझ्या अंगावरून वाकली आणि टेबलावरचा चष्मा उचलला.

"हा पण इथेच टाकून गेलेत," ती फोनमध्ये म्हणाली.