टिकोजी खांबापाशीच का पडतो?

डोक्यावर ताकाचा काठोकाठ भरलेला ग्लास ठेवून जो यंत्रमानव चार गावं पळत ओलांडतो आणि थेंब सांडत नाही, तोच खो-खोच्या मॅटवर खांबाला वळसा घालताना धाडकन आडवा का होतो? या एका प्रश्नाने बोरफळवाडीची शहाणी माणसं वेडी झाली होती आणि वेडी माणसं विचारात पडली होती.

यंत्रमानवाचं नाव टिकोजी. खो-खोत आता प्रत्येक संघाला एक यंत्रमानव खेळवायची मुभा मिळाली होती, म्हणून तो बोरफळवाडीच्या मुलामुलींच्या संघात होता. त्या दिवशी अंतिम सामना. पहिल्या डावात तो दोनदा पडला. दुसऱ्यांदा तर असा, की शेजारच्या तालुक्यातल्या म्हशींनी रवंथ थांबवून माना वर केल्या म्हणे!

मध्यंतरात संघाच्या प्रशिक्षक उबाळे मॅडमनी कर्णधार शाल्मलीला बाजूला घेतलं. "पोरी, ती बाहेर यंत्रमानव मंडळाची गाडी उभी आहे बघ. पुढच्या डावात हा पुन्हा पडला, तर घेऊन जाणार त्याला. मेंदू पुसून कोरा करणार आणि गोदामात पोती मोजायला बसवणार."

शाल्मली गर्रकन टिकोजीकडे वळली. मेंदू पुसणार? म्हणजे तिने शिकवलेल्या हुलकावण्या, तिच्या मांजराचं नाव, दोघांनी मिळून रचलेल्या थापा, सगळं गेलं!

"त्याच्या डोक्यातच बिघाड आहे," कुणीतरी मागून म्हणालं.

"मग सरळ पळताना का नाही पडत?" शाल्मली फणकारली आणि टिकोजीसमोर उकिडवी बसली. "टिकोजी, पडायच्या आधी नेमकं काय होतं? खरं सांग."

"ताई, माझ्या घोट्यात संवेदक (ताण, पीळ, दाब जाणवला की लगेच कळवणारे बारके यंत्रभाग) आहेत. सरळ पळताना ते म्हणतात, 'वा! गादीवरून चाललोय!' खांबापाशी वळलो की ओरडतात, 'बाहेर कलंडतोय, बाहेर कलंडतोय!' मग मला आकाश दिसतं."

गादी! शाल्मलीची नजर त्याच्या बुटांवर गेली. दोन बोटं जाड, कापसाच्या ढगासारखा मऊ तळवा.

पण ते साधे बूट नव्हते. सत्काराचे बूट होते! टिकोजी गावात आला त्याच दिवशी भाऊसाहेब काकड्यांनी त्याला शाल, श्रीफळ आणि बूट दिले होते. भाऊसाहेब मॅरेथॉन पळायचे. त्यांच्या स्वतःच्या पायातही तसलेच बूट. सत्काराचे बूट काढायचे म्हणजे भाऊसाहेबांचं नाक कापायचं. आणि नाकासकट भाऊसाहेब पहिल्या रांगेत सोफ्यावर बसलेले.

शाल्मली तडक तिकडे गेली. "भाऊसाहेब, जरा उठता? तुमच्या पाठीमागची उशी हवीय."

"उशी? ही काय डुलकी काढायची वेळ आहे, पोरी?"

तिने उशी जमिनीवर ठेवली, उशीवर पाण्याने भरलेला तांब्या. "आता याला वरच्या काठापाशी, बाजूने जरा ढकला."

भाऊसाहेबांनी ऐटीत एक बोट लावलं. तांब्या कलला, उशीची तेवढीच कड दबली, कड दबली म्हणून तांब्या आणखी कलला, आणि सगळं पाणी भाऊसाहेबांच्या पँटवर! मैदान खो खो हसलं. शाल्मलीने तांब्या पुन्हा भरला आणि या वेळी थेट जमिनीवर ठेवला. "आता तेवढंच ढकला."

तांब्या डुगडुगला आणि ताठ उभा राहिला.

"दाब वरून सरळ आला, की उशी सगळीकडून सारखी दबते आणि धक्का पिऊन टाकते," शाल्मली धापा टाकत सांगू लागली. "लांब पळताना दर पावलाला आपल्या वजनाच्या दुपटीहून जास्त दाब पायावर येतो. म्हणून तुमचे बूट पळायला एकदम झकास. पण आमच्या खेळात सारखं वळायचं. जोर जातो बाजूला. मऊ तळवा एकाच कडेला दबतो आणि उंचावर बसलेला घोटा तांब्यासारखा कलंडतो!"

"मग हवं काय?" मॅडम पुढे आल्या. "फुटबॉलचे खुंट्यांचे बूट?"

"त्या खुंट्या मातीत, गवतात रुततात, मॅडम. मॅटमध्ये कुठे रुतणार? इथे हवा बसका, रुंद तळवा, पायाला बाजूने घट्ट आवळणारा बूट, आणि भरपूर घर्षण (एकावर एक टेकलेल्या गोष्टींना सरकू न देणारं बळ) देणारं रबर."

भाऊसाहेब ओली पँट पिळत होते. "म्हणजे माझे बूट वाईट?"



"तलवार कितीही चांगली असली, तरी तिने कोथिंबीर चिरतात का?" शाल्मली म्हणाली.

भाऊसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं, बाहेरच्या गाडीकडे पाहिलं. मग टिकोजीपाशी येऊन, खाली वाकून त्यांनी स्वतःच त्याच्या बुटांची नाडी सोडली आणि बायकोला हाक मारली. "नलू, तुझे बॅडमिंटनचे बूट आपल्या गाडीत आहेत ना? त्यातही असंच वळायचं, थांबायचं असतं."

"माझे बूट? या लोखंड्याला?" नलूकाकू किंचाळल्या. "अहो, गुलाबी आहेत ते!"

"माझ्या घोट्यांना रंग दिसत नाही, काकू," टिकोजी अदबीने म्हणाला.

बूट चपखल बसले. धुळीने पकड सुटते, म्हणून शाल्मलीने तळवे ओल्या फडक्याने पुसले. शिट्टी झाली!

सामना शेवटच्या मिनिटावर आला. समोरच्या संघाची पळणारी एकच उरली होती, आणि ती बाद झाली तरच बोरफळवाडी जिंकणार होती. शाल्मलीने टिकोजीच्या पाठीवर थाप मारली, "खो!" टिकोजी सुसाट सुटला. खांब आला. गावातल्या कोंबड्यांनीसुद्धा श्वास रोखला. चर्रर्र! गुलाबी बूट मॅटवर करकरला, रोवला गेला, आणि टिकोजी खांबाभोवती भिंगरीसारखा वळून गेला.

"बाद!"

मंडळाचा ड्रायव्हर गाडीच्या टपावर चढून शिट्ट्या मारत होता. मॅडमनीच त्याला खाली उतरवून रिकाम्या गाडीसकट वाटेला लावलं.

संध्याकाळी सगळे मॅटवर पसरले होते. "ताई," टिकोजी म्हणाला, "उद्या चंद्रावर खो-खो झाला तर? तिथे माझं वजन सहावा हिस्साच भरणार. वजन कमी, की मॅटवरचा दाब कमी. दाब कमी, की घर्षण कमी."

"म्हणजे हेही बूट घसरणार!" शाल्मली ताडकन उठून बसली. "मग तिथे कसला तळवा लागेल?"

शाल्मली विचार करत आडवी झाली, तर वर मंडपाच्या पत्र्याला एक पाल उलटी, निवांत चालत होती. पडत नव्हती, घसरत नव्हती.

"टिकोजी," शाल्मली कुजबुजली, "शिडी आण. हिचे पाय बघायचेत!"