राखीव किल्ली

यंत्रमानव रक्षक रोज सकाळी डॉ. वत्सला केळुसकरांना नमस्कार करायचा, आणि आज त्यांचाच शब्द मानायला तयार नव्हता. त्यांची नात शर्वाणी चक्रावून गेली.

प्रसंग बाका होता. किनाऱ्यावरच्या कासव संवर्धन केंद्रात वाळूखाली सागरी कासवांची अंडी होती. ऊन चढलं की वर सावलीचं छत पसरायचं. आज ते मध्येच अडकलं होतं. छत चालवणाऱ्या संगणकाला नवी आज्ञा द्यायची, तर आजीला आधी आपलं खातं उघडायला हवं; आणि होडीतून उतरताना तिची पिशवी मोबाइलसकट खाडीत गेली होती.

"पासवर्ड तर तुला पाठ आहे ना?" शर्वाणीने विचारलं.

आजीने समजावलं, की पासवर्ड चोरीला जाऊ शकतो. म्हणून दोन पुरावे लागतात: एक आपल्याला ठाऊक असलेला शब्द, दुसरी आपल्याजवळची वस्तू, म्हणजे आकडे दाखवणारा मोबाइल. याला द्विस्तरीय पडताळणी (दोन वेगळ्या मार्गांनी ओळख पटवणे) म्हणतात. रक्षक नुसत्या चेहऱ्यावर भुलला, तर आजीचा मुखवटा घालून कुणीही अंडी पळवेल.

"मग मोबाइल हरवला तर?"

"त्यासाठी राखीव किल्ली असते. नखाएवढी, संगणकाला लावायची." आजीने खाडीकडे बोट दाखवलं. "ती मी त्याच पिशवीत ठेवली होती."

आकडे अंदाजाने टाकून पाहावेत, असं शर्वाणीला वाटलं. पण चुका वाढल्या तर खातं पुरतं बंद होईल, असं रक्षक म्हणाला. आजीने रक्षकाच्याच बिनतारी यंत्रावरून मुख्य कार्यालयाला कळवलं. तिची ओळख पटवून खातं खुलं करायला त्यांना संध्याकाळ होणार होती. वाळू मात्र तापत चालली होती.

शर्वाणीची नजर कुंपणापाशी रचलेल्या बांबूंवर आणि झावळ्यांवर गेली.

"रक्षक, बांबू रोवायला तुला आजीचा पासवर्ड लागतो?"

"नाही. ते माझं नेहमीचं काम आहे."

रक्षकाने बांबू रोवले, दोघींनी वर झावळ्या अंथरल्या. शर्वाणीच्या हातांची सालं निघाली, पण वाळू निवत गेली. संध्याकाळी खातं उघडलं आणि छतही सरकलं.

दुसऱ्या दिवशी आजीने नवा मोबाइल आणि दोन किल्ल्या खात्याला जोडल्या. एक किल्ली स्वतःकडे ठेवली, दुसरी शेजारच्या गावातल्या पेडणेकरकाकांकडे दिली; ते तिचे सहकारी. राखीव आकडे (एकेकदाच चालणारे संकेत) कागदावर छापून कार्यालयाच्या कपाटात बंद केले. पण काकांकडे किल्ली देण्याआधी, शर्वाणीच्या आग्रहावरून प्रत्येक किल्लीने खातं एकदा उघडून पाहिलं होतं, सगळं ठीक असतानाच.

काही आठवड्यांनी पिल्लं वाळूतून वर आली आणि तुरुतुरु समुद्राकडे निघाली. आजी म्हणाली, यातल्या माद्या मोठ्या होऊन अंडी घालायला याच किनाऱ्याकडे वळतील, पण त्याला बरीच वर्षं लागतील.

"तोवर मी इथली शास्त्रज्ञ झालेली असेन," शर्वाणी म्हणाली.

"मग तुझं स्वतःचं खातं असेल," आजी हसली, "आणि त्याची राखीव किल्ली कुठे ठेवायची, ते तू ठरवायचं."