आभाळाचा दोर आणि लाल पूड

"अडकलो! आपण अडकलो!" भिंगरी जवळजवळ नाचतच ओरडली.

"नाचू नकोस ना! लिफ्ट हलतेय!" चष्मिषने पाठ भिंतीला घट्ट चिकटवली.

सहाव्या आणि सातव्या मजल्यांच्या मधोमध एक हिसका, मग दुसरा हिसका बसला, आणि लिफ्ट जी थांबली ती थांबलीच. आत चौघं होती. मावशी, तिचा मुलगा चष्मिष आणि सुट्टीला राहायला आलेल्या तिच्या दोन भाच्या, भिंगरी आणि पिटुकली. बारा वर्षांची भिंगरी जेवतानासुद्धा तीनदा उठायची. आठ वर्षांची पिटुकली एरवी प्रश्न विचारून घर डोक्यावर घ्यायची. आता मात्र तिचा खालचा ओठ थरथरत होता.

मावशीने धोक्याची घंटा दाबली, इमारतीच्या सेक्रेटरीकाकांना फोन लावला आणि मग पिटुकलीकडे वळली. "काय गं, ही लिफ्ट अकरा मजल्यांची. अंतराळात जाणारी लिफ्ट असली तर?"

ओठ थरथरायचा थांबला. "अंतराळात? लिफ्टने? रॉकेट नको?"

"रॉकेट नको. जमिनीपासून सरळ वर एक दोर. त्याला धरून डबा चढत जाणार. चार दिवस, आठ दिवस, सावकाश."

"पण दोर वर कशाला बांधणार? वर खुंटी कुठाय?" भिंगरीने विचारलं.

"तीच तर गंमत!" मावशीने पिशवीतून किल्ल्यांचा जुडगा काढला. त्याला लांब नाडी होती. ती तो डोक्यावरून गरगर फिरवायला लागली तशी तिघं खाली वाकली. "बघा. किल्ल्या खाली पडतायत?"

"नाही! नाडी ताठ झालीय!"

"मी म्हणजे पृथ्वी. पृथ्वी स्वतःभोवती फिरते, तिच्याबरोबर दोर फिरतो आणि टोकाचं वजन बाहेर पळायला बघतं. म्हणून दोर ताठ राहतो. विषुववृत्ताच्या वर छत्तीस हजार किलोमीटरवर एक जागा आहे. तिथल्या उपग्रहाला पृथ्वीभोवती फेरी मारायला बरोबर एक दिवस लागतो. पृथ्वीही एका दिवसात एकदा फिरते. दोघंही बरोबरीने! त्यामुळे खालून बघणाऱ्याला तो एकाच जागी उभा दिसतो. दोर तिथून खाली सोडायचा, तसाच पलीकडेही न्यायचा, आणि पार टोकाला जड वजन बांधायचं."

"मग बांधलं का नाही अजून कुणी?" पिटुकलीने विचारलं.

"कारण तसा दोर नाही!" मावशी तारेचे दोर बनवणाऱ्या कारखान्यात काम करायची. दोर ताणून ताणून तोडायचे आणि किती वजनाला तुटले ते लिहायचं, हे तिचं काम. "चांगल्यातला चांगला पोलादी दोर नुसता टांगलास तरी पंचवीस-तीस किलोमीटरांत स्वतःच्याच वजनाने तुटेल."

"स्वतःच्या वजनाने? ह्या!" भिंगरीला ते काही पटलं नाही.

तेवढ्यात लिफ्ट कुरकुरली आणि हलली. सातव्या मजल्यावर दार उघडताच चौघं बाहेर पळाली. मावशीचं घर त्याच मजल्यावर होतं. "कामावरून येईपर्यंत जिन्याने जा-ये करा," असं बजावून ती जिन्यानेच खाली गेली.

घर शांत झालं, पण भिंगरीच्या पायांना चैन पडेना. खिडकी, सोफा, स्वयंपाकघर, पुन्हा खिडकी. शेवटी तिने फ्रीज उघडला आणि मळून ठेवलेल्या पिठाचा गोळा उचलला.

"ए! आई रागावेल!" चष्मिष म्हणाला.

"प्रयोग आहे! लंब्याला बोलाव."

लंब्या नवव्या मजल्यावर आपल्या आजोबांजवळ राहायचा. तेरा वर्षांचा होता, पण उंचीने मावशीएवढा. जिन्याच्या कठड्यावरून हात लांब काढायला तोच हवा होता! भिंगरीने पिठाची एकसारखी जाड, लांबच लांब दोरी वळली. लंब्याने ती वरून खाली सोडली. दोरी लांबली, आणखी लांबली आणि थप्प!

"तुटली! कुठे तुटली?" खालून पिटुकली ओरडली.

"माझ्या हाताशी. अगदी वर!"

पुन्हा केली. पुन्हा हाताशीच तुटली. तिसऱ्यांदा चष्मिषने चष्मा वर सरकवला आणि म्हणाला, "खालच्या टोकाला कसलंच वजन नाही. वरच्या टोकाला मात्र खालची सगळी दोरी पेलायची असते. मग वर जाड आणि खाली बारीक करूया!"

ही दोरी कितीतरी वेळ टिकली. पिटुकलीने अठ्ठावीसपर्यंत आकडे मोजले!

"म्हणजे अंतराळातला दोरही मध्ये, त्या छत्तीस हजारांपाशी, सगळ्यात जाड असणार," चष्मिष म्हणाला. "तिथून खाली बारीक आणि पलीकडेही बारीक."

भिंगरीने तुटलेला पिठाचा तुकडा बोटांत चुरगळला. मग एकदम म्हणाली, "आपल्या लिफ्टच्या दोरावर सगळ्यात जास्त ताण कुठे येतो?"

सगळ्यांनी एकदमच मान वर केली.

अकराव्या मजल्याच्याही वर अर्धा जिना होता. तिथे मशीनरूमचं लोखंडी दार होतं. दाराला कुलूप आणि वरच्या भागात बारीक जाळी. लंब्याने जाळीला डोळा लावला. "मोठं चाक आहे. त्याच्यावरून चार दोर गेलेत. आणि खाली... विटेचा चुरा सांडलाय का? लाल पूड आहे. ढीगभर!"

"मला बघू!" "मला उचल!" एकेकाने बघून घेतलं. चाकाच्या बरोबर खाली, दोर जिथून वळत होते तिथे, गंजाच्या रंगाची पूड साचली होती.

"पण इथे तर दर महिन्याला तपासणी होते," लंब्या म्हणाला. "लिफ्टमध्ये कार्ड लावलंय. 'मशीनरूम तपासली', खाली सही. मागच्या आठवड्यातलीच आहे!"

"मग हे काय?" पिटुकलीने कुलपाकडे बोट दाखवलं. कुलपापासून चौकटीपर्यंत कोळ्याचं जाळं पसरलं होतं. जुनं, धुळीने राखाडी झालेलं. कोळीसुद्धा घर सोडून गेला होता!

चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. दार न उघडता तपासणी करणारा हा कोण जादूगार?

"लिफ्ट बिघडली म्हणून मेकॅनिक आज येणारच," भिंगरी कुजबुजली. "खात्री करून घेऊ!"

चष्मिषने वहीची एक पातळ पट्टी फाडली. तिच्यावर तारीख आणि 'सकाळी ११.१०' लिहून सही ठोकली. ती पट्टी दार आणि चौकट यांच्यावर आडवी चिकटवली. दार उघडलं की पट्टी फाटणार!

बारा वाजता मेकॅनिक आला. मुलं जिन्यात पत्ते खेळायला बसली होती. त्याने तळमजल्यावरच्या एका पेटीतली दोन बटणं खालीवर केली, लिफ्ट चालू झाली. मग तो सेक्रेटरीकाकांच्या ऑफिसात चहा प्यायला, कार्डावर सही केली आणि स्कूटरला किक मारून गेलासुद्धा. भिंगरी एका दमात वर पळाली. पट्टी जशीच्या तशी होती!

"काका, तो वर गेलाच नाही!" धापा टाकत तिने सेक्रेटरीकाकांना गाठलं.

काका हसले. "अगं, त्यांना खालूनच कळतं सगळं. वीस वर्षांचा अनुभव आहे. जा, खेळा बरं!"

"पण लाल पूड..."

"सुट्टी लागली की मुलांना डिटेक्टिव्ह व्हायचं असतं," म्हणत काकांनी फाईल उघडली.

चष्मिषने मावशीला फोन केला. ती मशीनवर होती. चार वाजत आले तेव्हा कुठे तिने उचलला. लाल पूड म्हणताच तिचा आवाज बदलला. "दोराच्या आतल्या तारा एकमेकींवर घासल्या, गंजल्या की तशी पूड झडते. बाहेरून दोर धडधाकट दिसतो. लिफ्टला दोर चार असतात, ते तुटले तरी पकड घेणारा ब्रेकही असतो. पण दोर कुणी बघितले नाहीत, तर ब्रेक तरी कुणी बघितला असेल का? लिफ्ट कुणालाही वापरू देऊ नका. आणि मशीनरूममध्ये शिरायचं नाही. मी निघालेच!"

"सेक्रेटरीकाकांना सांग ना तू!"

"लावते. पण ते फोन उचलतील तर खरं!"

ते उचलत नव्हते, कारण ते खाली दारात उभे होते. पाचव्या मजल्यावर नवीन बिऱ्हाड आलं होतं आणि तीन लोखंडी कपाटं लिफ्टच्या तोंडाशी येऊन पडली होती. दोन हमाल पहिलं कपाट तिरकं करत होते. त्यात साडेचारला लंब्याचे आजोबा गुडघ्याच्या उपचारांना खाली उतरायचे.

भिंगरीने जिन्याच्या फटीतून ते पाहिलं. मावशीला यायला पाऊण तास. पाऊण तास! ती जागच्या जागी उड्या मारायला लागली. "ओरडून कुणी ऐकणार नाही. तार कापायची नाही, बटण तोडायचं नाही. काय करायचं? काय करायचं?"

"दार उघडं असलं की लिफ्ट हलत नाही," लंब्या म्हणाला.

बस्स! चौघं घरातलं स्टूल उचलून अकराव्या मजल्यावर धावली. चष्मिषने बटण दाबलं. तळमजल्यावरची रिकामी लिफ्ट हमालांच्या डोळ्यांदेखत वर निघाली. ती पोचताच लंब्याने बाहेरचं दार पूर्ण उघडलं आणि दाराला स्टूल टेकवलं. आत कुणीही पाऊल टाकलं नाही.

"कोण आहे रे वर?" खालून काकांची आरोळी आली.

"दार लावा!" नवव्या मजल्यावरून आजोबांचा आवाज चढला. "मला उशीर होतोय! लंब्या, तू आहेस का तिथे? लाज नाही वाटत?"

लंब्याचा चेहरा पडला. आजोबा त्याच्यावर कधीच ओरडत नसत. त्याने स्टुलाकडे पाहिलं, भिंगरीकडे पाहिलं. मग खाली वाकून म्हणाला, "आजोबा, मीच आहे. आणि दार लावणार नाही!"

काका जिना चढू लागले. पहिला मजला. तिसरा. सहाव्यावर काकांनी एकदा "थांबा, तुम्हाला दाखवतो" म्हटलं. आठव्यावर फक्त धाप ऐकू आली. अकराव्यावर पोचले तेव्हा त्यांचा शर्ट भिजून चिंब झाला होता.

पिटुकलीने शेजारच्या दारातून मागून आणलेला पाण्याचा पेला पुढे केला. भिंगरीने हात जोडले. "काका, मला काय शिक्षा करायची ती करा. पण इथवर आलाच आहात तर आणखी बाराच पायऱ्या चढा ना! किल्ली तुमच्याच जुडग्यात आहे."

काका काहीतरी बोलणार होते. पण चिडलेल्या माणसालाही बारा पायऱ्यांसाठी नाही म्हणवेना. वर जाऊन त्यांनी पट्टी वाचली. कोळ्याचं जाळं पाहिलं. मग जाळीतून आत पाहिलं. त्यांनी खिशातून फोन काढला, स्पीकर चालू केला.

"मेकॅनिकसाहेब, मशीनरूम कधी पाहिलीत हो?"

"आजच की! दुपारी! स्वतःच्या हाताने झाडून घेतली!"

"दार न उघडता?" भिंगरीने विचारलं.

पलीकडून खरखर ऐकू आली आणि फोन बंद झाला.

मावशी धावतच जिना चढून आली. तिने काकांकडून दार उघडून घेतलं, आधी मुख्य बटण बंद केलं, हातमोजे घातले आणि टॉर्च दोरावर धरला. "एक... तीन... सात..." तुटलेल्या तारा ती मोजत गेली. एकविसाव्या तारेला मोजायची थांबली. "कपाटं परत गाडीत चढवा," एवढंच म्हणाली.

नऊ दिवस सगळी इमारत जिना चढली. सरकारी निरीक्षक आले, मेकॅनिकचं काम काढून घेतलं गेलं, चारही दोर बदलले. जुन्या दोराचा एक तुकडा मावशीने कारखान्याच्या प्रयोगशाळेत नेला आणि मुलांनाही बरोबर नेलं. यंत्राने तुकडा दोन्हीकडून धरला आणि हळूहळू ओढायला सुरुवात केली. काटा सरकत राहिला. धाडकन आवाज झाला! काचेमागे तारांचा झुपका फुटला. काटा असायला हवा होता त्याच्या निम्म्यावरसुद्धा पोचला नव्हता.

पिटुकलीने काचेला नाक लावलं. तिने विचारलं, "मावशी, अंतराळातला दोर सापडला की मग असं होणार नाही ना?"

"तोही झिजेल गं," मावशी म्हणाली. "त्याच्यावर बारीक खडे आदळतील, उन्हाने तो तापेल. छत्तीस हजार किलोमीटर चढून कुणालातरी तो पुन्हा पुन्हा बघावाच लागेल. खालून सही करून भागणार नाही!"

इमारतीच्या बैठकीत सेक्रेटरीकाका उभे राहिले. भाषण त्यांना छान जमायचं, पण त्या दिवशी अडखळले. "मुलं मला सांगायला आली होती. मी फाईल उघडली. चूक माझी. या चौघांनी शहाणपण दाखवलं, मोडतोड न करता दाखवलं आणि मला अकरा मजले चढवून दाखवलं!" सगळे हसले आणि टाळ्यांचा कडकडाट झाला.

दहाव्या दिवशी सकाळी लिफ्ट सुरू झाली. नवव्या मजल्यावर आजोबा काठी टेकत दारात आले. उपचार चुकल्याने गुडघा आखडला होता. सेक्रेटरीकाकांनी स्वतः दार उघडून धरलं. "या आजोबा, सगळं तपासलंय. कागद आहेत माझ्याकडे."

आजोबा आत गेले नाहीत. त्यांनी जिन्यात बसलेल्या चौघांकडे पाहिलं आणि मग लंब्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"त्या दिवशी मी नको ते बोललो. आता तू सांग रे. जाऊ का?"

लंब्याने तिघांकडे पाहिलं. काल संध्याकाळी नवे दोर जाळीतून सगळ्यांनी पाहिले होते. खालची फरशी स्वच्छ होती.

"चला आजोबा," तो म्हणाला. "मी येतो बरोबर."